उतरता आकडा

कोल्हापुराहून कुंभार्ली घाट उतरून आणलेला द्रव नायट्रोजन कॅनमध्ये निम्माच उरला होता. तो उडून जायच्या आत मोजमाप उरकायचं म्हणून रेडीज मॅडम जेवायलाही उठल्या नव्हत्या.

मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये कॅल्शियम मिसळून भट्टीत भाजलेली ही त्यांची सातवी गोळी. थंड होताना तिचा विजेला होणारा विरोध एका टप्प्यानंतर घटायला हवा होता. आधीच्या सहा गोळ्यांचा तो वाढतच गेला होता, आणि पीएच.डी.ची मुदत जूनमध्ये संपत होती.

प्रयोगशाळेतले गोताडमामा बेताने नायट्रोजन ओतत होते. मीटरवरचा विरोधाचा आकडा चढत राहिला. तापमान उणे तेवीस अंशांवर आलं तेव्हा मात्र तो थबकला.

“मामा, ओतत राहा,” मॅडम हळूच म्हणाल्या.

आकडा उतरू लागला. आधी जरा जरा, मग भराभर. मॅडमनी शेजारच्या विद्युतचुंबकाचं बटण दाबलं की तो, हवा होता तसाच, आणखी खाली जाई, सोडलं की परत येई.

“हे बरं की वाईट?” मामांनी विचारलं.

“बरं. फार बरं.” मॅडमनी मीटरवरची नजर न काढता वही-पेन मामांकडे सरकवलं. “मी वाचते, तुम्ही लिहा.”

कॅन रिकामा झाला. गोळी तापू लागली, तसा आकडा आल्या वाटेने चढला. एकेक आकडा कोरल्यासारखा लिहिणारे मामा एकाएकी थांबले.

“मॅडम, उणे तेवीसलाच परत वळला बघा.”

“म्हणजे योगायोग नव्हे,” मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांना हसूच आवरेना.