नाताळची आगाऊ खरेदी

“जून आहे, जून!” शरयूबाई नवऱ्याला म्हणाल्या. “अजून आंबे संपले नाहीत, अन् तुम्ही क्रिसमसची खरेदी काहून काढून राहिले?”

“उशीर केला की फजिती होते,” दिवाकरराव म्हणाले आणि तोंडावर एकावर एक दोन मास्क चढवले.

फजिती गेल्या वर्षीच झाली होती. टोरांटोच्या नातवाला नाताळसाठी पाठवलेला स्वेटर फेब्रुवारीत पोचला आणि तोवर नीलचे हात बाह्यांबाहेर गेले होते. सहा वर्षांच्या नीलनं आजोबांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. तेही आईनं, मनीषानं, दंडाला धरून आणून बसवलं तर. या उन्हाळ्यात तो जबलपूरला येणार होता, पण कोरोना आला आणि विमानं बंद झाली. दिवाकररावांना ते फार लागलं. चारचौघांत ते सरकारला नावं ठेवत, घरात मात्र नीलसाठी आणलेल्या सायकलवरची धूळ रोज पुसत. आता त्यांचा एकच हट्ट उरला होता. पंचवीस डिसेंबरला नीलच्या घरातल्या नाताळच्या झाडाखाली जबलपूरची वस्तू दिसली पाहिजे.

दिवाकररावांनी तोफांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. सुताएवढा फरक दिसला की माल परत, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर तपासायला भाजी आणि बायकोचा स्वयंपाक एवढंच राहिलं होतं. त्यामुळे या कामाला ते अगदी कंबर कसून लागले. विजय नगरच्या घरात जेवणाच्या टेबलावर त्यांनी तक्ता मांडला. कुरिअरवाला म्हणाला होता, “अंकलजी, कोरोना में कोई गारंटी नहीं. पाँच महीने भी लग सकते हैं.” दिवाकररावांनी डिसेंबरातून पाच महिने मागे मोजले. वस्तू बनवायला तीन आठवडे धरले, अनपेक्षित अडचणींना दोन. उत्तर जून आलं.

“अन् लवकर पोचलं तर?” शरयूबाईंनी विचारलं.

“आपल्या इथून निघालेलं काही आजवर लवकर पोचलं आहे का?” दिवाकरराव म्हणाले.

वस्तू म्हणजे दगडातला सांताक्लॉज. दुकानातला प्लॅस्टिकचा सांता कोणीही पाठवेल, आपला इथल्या भेडाघाटच्या संगमरवराचा हवा! तिथला मूर्तिकार तुळशीराम मार्चपासून रिकामा बसला होता. प्रवासी नाहीत, म्हणून विक्री नाही. त्यानं जन्मभर देवच घडवलेले. फोनवरचा फोटो त्यानं बोटांनी मोठा करून पाहिला.

“बाबूजी, पेट कितना रखना है?”

“भरपूर.”

तुळशीरामनं जीव ओतून काम केलं. वीतभर उंचीची मूर्ती, गरगरीत पोट, उजवा हात टाटा करायला वर केलेला, डाव्या हातात भेटवस्तूंचं गाठोडं. जाड दाढी छातीवरून पोटापर्यंत उतरली होती आणि टोकाशी डौलानं डावीकडे वळली होती. वर झुपकेदार मिशा. टोपीला नक्षीचा काठ त्यानं स्वखुशीनं काढून दिला. अंगावर लालभडक रंग. दिवाकररावांनी टेप लावला, मूर्ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि माल पास केला.

बंडूला, म्हणजे मुलाला, त्यांनी कळू दिलं नाही. सरप्राइज होतं ना! खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलं, ‘नीलसाठी नाताळची भेट. २५ डिसेंबरआधी उघडू नये.’ जुलैच्या मध्यात पार्सल गेलं आणि दिवाकरराव महिनाभर शांत झोपले.

ऑगस्टअखेरच्या रविवारी बंडूचा व्हिडिओ कॉल आला.

“बाबा, कमाल केली तुम्ही! एवढ्या कोरोनात चतुर्थीच्या बरोबर आदल्या दिवशी बाप्पा घरी हजर!”

“कोणता बाप्पा?”

“तुम्ही पाठवला तो! भेडाघाटचाच दगड ना? मी लगेच ओळखला. खोका मनीषानं वरचं काही न वाचता दारातच उघडून फेकून दिला, इन्फेक्शनची भीती. मूर्ती सॅनिटायझरनं पुसून घेतली. काय सुंदर डाव्या सोंडेचा, शेंदरी! पाच दिवस बसवला. बुधवारी मास्क लावून तळ्यात सोडून आलो.”

दिवाकरराव गार पडले. बंडूच्या डोळ्यांसमोर या घरात बावीस वर्षं गणपती बसला होता. त्या बावीस वर्षांत पोरगं मूर्तीकडे नव्हे, नुसतं खिरापतीच्या ताटाकडे बघत होतं हे आज उघड झालं. डिसेंबरात झाडाखाली काही नसणार होतं. सांता कॅनडातल्या तळ्याच्या तळाशी होता. रागानं त्यांची कानशिलं तापली.

“अबे गाढवा, तो...”

तेवढ्यात बापाला ढकलून नील पडद्यावर आला. कपाळावर गंध, हात जोडलेले. आज त्याला कोणी धरून आणलं नव्हतं.

“आजोबा, थँक यू! बाप्पा खूप छान!”

दिवाकररावांनीही पडद्याकडे बघून हात जोडले.

नील बापाच्या कानात काहीतरी पुटपुटला. बंडू हसला.

“बाबा, हा आठ दिवसांपासून एकच विचारून राहिला. बाप्पाला मिशा काहून होत्या? मला तर काही सुचलं नाही. काय सांगू?”

शरयूबाईंनी पदर तोंडात धरला. ज्यांनी चौतीस वर्षांत एक चुकीचा नग पुढे जाऊ दिला नव्हता, त्या दिवाकररावांनी घसा खाकरला.

“त्याला सांग,” ते म्हणाले, “इकडे लॉकडाऊन आहे. न्हाव्यांची दुकानं बंद आहेत.”