जाकिटाच्या पाठीवर

रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नाही. डाग शिजतो, आणि शिजलेला डाग निघत नाही.

पायऱ्या ओल्या होत्या, असं तिकडचा पोलीस अधिकारी कॅमेऱ्यासमोर सांगतो. त्याच्या मागे त्याच पायऱ्या. वर ऊन, धूळ उडतेय.

बातमीखाली कुणीतरी लिहिलंय: फिरायला गेलेला माणूस तिकडे मरत नाही, त्याचा फक्त पाय घसरतो. त्याखाली हसरे चेहरे, रडके चेहरे, जोडलेले हात.

वकीलबाई फोनवर: "जसं आलंय तसंच राहू द्या. घडीसुद्धा मोडू नका."

मळकं कापड या दुकानातून बाहेर जात नाही.

*

दुकान लाँड्रीचं. नवरा इस्त्री करतो, बायको डाग काढते. आज तिचा धाकटा भाऊ काउंटरसमोर उभा होता, हातात कोरी कागदी पिशवी घेऊन. भाचीचं जाकीट न्यायला आला होता.

परदेशी सहलीला गेलेली भाची जिन्यावरून पडून वारली, असं तिथल्या पोलिसांचं म्हणणं. घरात ते कुणालाच पटलं नव्हतं, गल्लीतही नाही. पण परत आली ती राख आणि हे जाकीट. इथली एक प्रयोगशाळा ते तपासून द्यायला तयार झाली होती. काही सापडलं तर प्रकरण पुन्हा उघडता येईल.

बहीण आतून जाकीट घेऊन आली. हँगरवर, पारदर्शक कव्हरमध्ये. क्रीम रंगाचं, बटणं लावलेली, बाह्यांना कडक इस्त्री.

भाऊ बघतच राहिला.

"ताई, हे काय?"

"बबडीचं जाकीट. तुला न्यायचंय ना?"

"हे धुतलंस?"

"मग? तसंच देऊ?"

भावाने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने इस्त्री उचलली आणि समोरच्या शर्टावर नुसती धरून ठेवली.

"भावजी, सांगितलं होतं ना मी. उघडायचंही नाही म्हणून."

"मी सांगितलं हिला."

"उघडलं कुठे मी?" बहीण म्हणाली. "पार्सल फाटूनच आलं होतं. अर्धी बाही बाहेर लोंबत होती. टपालवाल्याने काखेत मारून आणलं. तेव्हा नाही कुणी म्हणालं, हात लावू नका."

"अगं, पण तपासणार होते ते."

"म्हणूनच. टेबलावर पसरणार, चार परके पुरुष वाकून बघणार. आधीच तिकडचे म्हणतायत, प्यायली होती. वर असं मळकं बघून काय म्हणाले असते? आईबापांची लाँड्री, आणि पोरगी बघा."

तेवढ्यात एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. "काय मालक, माझा कोट झाला का आजपण उद्याच?"

मेहुण्याने मुकाट्याने कोट काढून दिला. गिऱ्हाइकाची नजर जाकिटावर गेली. कव्हर वर करून त्याने कापडावरून बोट फिरवलं.

"हे बघा. नवीन असल्यासारखं काढलंय. आणि आमच्या कोटाच्या वेळी मात्र, डाग जुना आहे, जाणार नाही. कुणाचं हो हे?"

"घरचं," मेहुणा म्हणाला.

"तरीच." तो हसत निघून गेला.

भावाने पिशवीची घडी घातली, परत उलगडली.

"ताई, डाग कसले होते?"

"रक्त फार नव्हतं. कॉलरला थोडं. गार पाण्यात गेलं लगेच. पाठीवरचा मात्र चिवट. तेलकट, काळा. पेट्रोलचा हात दोनदा द्यावा लागला."

"पाठीवर? ती पुढे पडली होती, ताई. तोंडावर. त्यांच्याच अहवालात आहे. पाठीवर काळं कुठून आलं?"

बहिणीने हँगर फिरवून जाकिटाची पाठ आपल्याकडे केली.

"केवढा होता?"

"असेल तळहाताएवढा."

"तळहाताएवढा, की तळहातच? बोटं दिसत होती का?"

"अरे, मी डाग बघते. आकार कुठे बघते?"

"फोटो काढलास?"

"डागाचा फोटो कोण काढतं?"

मेहुण्याने इस्त्री बंद केली. शर्ट तसाच अर्धा चुरगळलेला टेबलावर राहिला. तो म्हणाला, "हिने सांगितलं तर? लिहून द्यायचं, की होता म्हणून. तीस वर्षं डागच काढतेय ती."

"आईने सांगितलेलं कोण धरतं, भावजी? ते म्हणतील, पुरावा तुम्हीच पुसलात. आणि खोटं कुठे आहे त्यात?"

बहिणीने कव्हर नीट केलं, खालची कडा ओढली. मग काउंटरची फळी उचलून बाहेर आली.

"फिर जरा," ती भावाला म्हणाली.

तो पाठमोरा झाला. तिने त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात टेकवला. तो जरासा डावीकडे सरकवला. मग थोडा वर घेतला.

"इथे होता," ती म्हणाली.

तिने हात काढला नाही. तोही हलला नाही. रस्त्यावरून जाणारी एक बाई आत बघून थांबली, आणि काही न विचारता पुढे गेली.

तिकडच्या पोलिसांनी अपघात म्हणून जाहीर केलं, तेव्हा मुलीची ओळखसुद्धा अजून पटायची होती.