पिल्लाच्या मिशीचा केस

यावलच्या केळीबागेत पिंजरा लावून वनरक्षक कुंदनने बिबट्याची मादी पकडली आणि दूरच्या जंगलात सोडली. तिला दूधपितं पिल्लू होतं, हे नंतर कळलं, बागेत त्याचं वाळलेलं कातडं सापडलं तेव्हा. त्यावरचा मिशीचा केस घेऊन तो जळगावला मोनालीच्या प्रयोगशाळेत आला. केस वाढतो तशी त्यात खाल्लेल्या अन्नाची खूण उतरत जाते.

"ताई, ते भुकेनं मेलं का? खरं सांगजा. घास उतरत नाही मले."

केस तपासून मोनालीने त्याचा आलेख दाखवला. आई गेल्यापासून रेषा वर चढत गेली होती.

"वर म्हणजे काय?"

"मांस."

"म्हणजे शिकार जमली त्याले!" कुंदनने डोळे पुसले. "मंग सापच डसला असीन."

उपाशी जीव शेवटी स्वतःचंच मांस जाळतो आणि रेषा तेव्हाही अशीच चढते. हे मोनालीच्या ओठांवर आलं होतं. त्याचा हलका झालेला चेहरा बघून तिने ते गिळलं.

दारातच कुंदनने फोन लावला. "साहेब, नदीकाठच्या मादीला पिल्लं आहेत म्हणून मी अडून बसलो होतो ना? उद्याच उचलू तिला. पिल्लं जगतात एकटी."