ओपलबाईंचा रस्ता

“एका घरासाठी चौदा मैल रस्ता?” काउंटीच्या सभापतींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “एमिल, अरे बाबा, निदान स्वतःच्या दुखऱ्या पाठीकडे तरी बघ.”

एमिल कुचेरा उभाच राहिला. नेब्रास्कातल्या त्या काउंटीचे रस्ते तो चौतीस वर्षं सांभाळत होता. हिवाळ्यात यंत्राने बर्फ हटवायचा, उन्हाळ्यात खडी सारखी करायची.

“त्या रस्त्यावर एकेकाळी अकरा घरं होती,” तो म्हणाला. “आपल्याच चेक लोकांनी मातीची ढेकळं रचून बांधलेली. शाळा होती, टपाल होतं. आता एकट्या ओपलबाई उरल्यात. शहाऐंशी वर्षांच्या. रस्ता सोडून दिलात, तर त्यांना बर्फातून काढणार कोण?”

“मग त्यांनाच गावात आण ना.”

“दर वर्षी विचारतो. नाही म्हणतात.”

रस्ता बंद करण्याचा ठराव मंजूर झाला. विरोधात कुणीच नव्हतं.

एमिलला खरं तर सहा वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायचं होतं. बायको, ब्लांच, जाऊन अकरा वर्षं झाली होती. सकाळी नुसते बूट चढवायला त्याला दहा मिनिटं लागत. पण नवा माणूस त्या रस्त्याला फिरकणार नाही आणि म्हातारी एखाद्या वादळात आत अडकून मरेल, या धास्तीने तो यंत्रावर चढत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ हटवत तो ओपलबाईंच्या दारी पोहोचला. कॉफी तयार होती, खसखस भरलेला पावही.

“बाई, हरलो,” टोपी काढत तो म्हणाला. “एक तारखेपासून रस्ता बंद. माझं कुणी ऐकलं नाही.”

ओपलबाई हळूच खुर्चीत टेकल्या. डोळे मिटून बसून राहिल्या. आता या रडणार, असं एमिलला वाटलं.

“सुटले रे बाबा,” त्या म्हणाल्या. “आता मुलीकडे जाईन, ॲरिझोनाला. केव्हाची बोलावतेय. इथली थंडी हाडांना सोसत नाही रे.”

“मग इतकी वर्षं गेला का नाहीत?”

“कशी जाणार? ब्लांचने दवाखान्यात माझा हात धरून सांगितलं होतं, ‘माझ्यामागे एमिल घरात बसला तर पिऊन पिऊन मरेल. तू तेवढी तुझ्या घरातून हलू नकोस. तू तिथे आहेस तोवर तो रस्ता सोडायचा नाही.’”