खांद्याच्या बदल्यात हृदय

माणूस ही अखंड वस्तू आहे आणि तिची तपासणी नखशिखान्तच झाली पाहिजे, हे मोठ्या डॉक्टरांचं वाक्य सात नंबरच्या खाटेवरच्या सलूनवाल्याला पाचव्या दिवशी तोंडपाठ झालं होतं. या पाच दिवसांत त्याची जीभ, डोळे, छाती आणि पोट तपासून झालं. बाकीचा सलूनवाला तसाच पडून होता.

चक्कर आली म्हणून तो दाखल झाला, तेव्हा त्याच्या हृदयात एक फुसफुसता आवाज सापडला. धोक्याचा नव्हता, पण इतका सुरेख होता, की शिकाऊ डॉक्टर रांग लावून ऐकायला येऊ लागले. "दीर्घ श्वास घ्या. सोडा. वा!" एवढं बोलून निघून जात. प्रत्येकाला तो सांगे, "डॉक्टर, उजवा हात वर जात नाही हो." प्रत्येक जण म्हणे, "हृदयाची काळजी करू नका, काका."

काळजी हृदयाची नव्हतीच. गेले चार महिने त्याचा हात खांद्याच्या वर उठत नव्हता. दुकानातली खुर्ची पार तळाला नेऊन तो केस कापायचा, तरी उंच गिऱ्हाइकाच्या टाळूवर एखादा झुपका राहूनच जाई. आता बुटकी माणसं तेवढी टिकून होती. महिनाअखेरपर्यंत हात उठला नाही, तर दुकान मेव्हण्याच्या हवाली करायचं ठरलं होतं. मेव्हण्याने याआधी दोन दुकानं बुडवली होती.

"घरी माझ्यावर कसा आवाज चढतो!" भेटायला आलेली बायको म्हणाली. "इथे मात्र कुणीही यावं आणि तुम्ही शर्ट वर करून बसावं. सांगा की ठणकावून!"

हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड आला. पुढे मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे फाइल घेतलेली निवासी डॉक्टर, तिच्यामागे दहा शिकाऊ. सलूनवाल्याने चादर गळ्यापर्यंत ओढली आणि डाव्या मुठीत घट्ट धरली.

"शर्ट वर घ्या, काका."

"आधी खांदा बघा. मग हृदय."

निवासी डॉक्टर पांढरीफटक पडली. शेजारच्या खाटेवरचा खोकला अर्ध्यात थांबला. मोठे डॉक्टर मात्र हसले. त्यांना कुणी अडवून बरीच वर्षं झाली होती.

"बरोबर आहे त्यांचं. नखशिखान्त म्हणजे नखशिखान्त! काका, मी करतो तस्संच करायचं. हा बघा, हात वर."

त्यांनी आपला उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला. सलूनवाल्यानेही उचलला. तोही तिथेच थांबला. एकाच चौकात चुकून दोन वाहतूक पोलीस नेमले जावेत, तसे दोघे समोरासमोर अडकले. मोठ्या डॉक्टरांनी जोर लावला. चेहरा लाल झाला, हात होता तिथेच. याला झालंय तरी काय, म्हणून त्यांनी मान वळवून हाताकडे पाहिलं, तेव्हा सलूनवाल्याला त्यांचं डोकं मागून दिसलं. पुढचा भांग पट्टी लावून आखल्यासारखा. मागे मात्र चिमण्या घरटं अर्धवट टाकून निघून गेल्या होत्या.

सलूनवाल्याची नजर धंद्याची होती. "साहेब," तो हळूच म्हणाला, "मागे कंगवा कधीपासून पोचत नाही?"

"दीड वर्ष," मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

मग ते भानावर आले. हात खाली घेऊन त्यांनी कोटाच्या खिशात घातला. दहाही शिकाऊंना एकाच वेळी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"हं," मोठे डॉक्टर खाकरले. "झालं समाधान? लिहून घे गं." आणि आठ नंबरच्या खाटेकडे वळले.

सलूनवाला शब्दाचा पक्का होता. त्याने चादर सोडली. दहाही जणांनी पोटभर हृदय ऐकून घेतलं.

निवासी डॉक्टरने फाइलीत लिहिलं: "उजवा खांदा तपासला. मोठ्या सरांइतकाच वर जातो. नॉर्मल."