दुसरी वाटी

दर रविवारी संध्याकाळी तो लेक वडिलांना हाताला धरून नाक्यावरच्या हॉटेलात जेवायला आणायचा. जेवणावर चॉकलेट पुडिंगच्या दोन वाट्या मागवायचा आणि दोन्ही त्यांच्यापुढेच सरकवायचा. "खा हो बाबा, या वयात कसलं आलंय पथ्य?" आजूबाजूची टेबलं कौतुकाने बघत राहायची. असा श्रावणबाळ आपल्या पोटी का नाही, असं कुणीतरी उसासून म्हणायचंही.

वेटरचं लक्ष मात्र बाबांच्या डाव्या पायाकडे जायचं. शुगरपायी त्याची दोन बोटं कापावी लागली होती. लेकाची माया आंधळी, त्याला कोण समजावणार? म्हणून वेटरने आचाऱ्याला गुपचूप पटवलं होतं. त्या टेबलाचं पुडिंग गेलं वर्षभर वेगळं, बिनसाखरेचं बनत होतं.

एका रविवारी बाबा हात धुवायला गेले, तेव्हा वेटरला राहवलं नाही. त्याने लेकाच्या कानाशी लागून सगळं सांगून टाकलं.

"तरीच," लेक म्हणाला, "बाबांचे रिपोर्ट इतके चांगले येतात."

वेटरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या रविवारी त्याने त्यांचं टेबल स्वतः पुसून ठेवलं, पण ते दोघे काही आले नाहीत.



समोरच्या हॉटेलच्या काचेआड लेक वडिलांना आइस्क्रीमची दुसरी वाटी आपल्या हाताने भरवत होता.