एकटीचं काम

"काकू, वाळूचं पोतं गुडघ्याच्या वर येतच नाहीये," ट्रेनर म्हणाला. "आणखी वजन कशाला मागताय?"

काकूंनी तळहाताचा घाम पुसला. शिवणकाम करणारे हात, बोटांवर सुयांच्या खुणा. जिममध्ये येऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्याबरोबर सुरुवात केलेल्या मुली दुप्पट वजन उचलत होत्या. काकूंची प्रगती मुंगीच्या पावलांनी.

"मनगट दगा देतं," त्या म्हणाल्या.

"जुनं मोडलंय का?"

"लग्न झालं त्या वर्षी. जिन्यावरून पडले."

"मग एवढी घाई का?"

"यजमान अंथरुणाला खिळलेत. अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. उठवून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात. नणंद येते रोज दोन्ही वेळा. तिचे स्वतःचे गुडघे गेलेत. तिला किती राबवायचं? मला एकटीला जमलं पाहिजे."

ट्रेनरने नवं लक्ष्य ठरवून दिलं. यजमानांच्या वजनाएवढं वाळूचं पोतं, छातीपर्यंत.

"माणूस लोंबतो, काकू. त्याला मिठी मारूनच उचलायचं. पाठ ताठ, जोर मांड्यांचा."

पोतं घसरायचं, पायावर आपटायचं. काकू दात-ओठ खाऊन पुन्हा वाकायच्या. कधी आठवडेच्या आठवडे जैसे थे. घरी मशीनवर बसलं की खांदे ठणकायचे. पण हळूहळू पोतं मांडीशी आलं, मग पोटाशी. ज्या दिवशी ते छातीला लागलं, त्या दिवशी सगळ्या जिमने टाळ्या वाजवल्या.

"नशीबवान आहेत काका," ट्रेनर म्हणाला.

त्याच दुपारी वन्संसमोर परीक्षा झाली. काकूंनी यजमानांच्या काखांतून हात घातले, त्यांना अंगाशी धरलं आणि अलगद खुर्चीत बसवलं. एकटीने.

वन्संना रडूच फुटलं. "वहिनी, धन्य आहे तुमची! दादाच्या तापटपणापायी काय काय सोसलंत, आणि तरी..."

"झालं गेलं, वन्सं. आता तुम्ही गुडघ्यांना आराम द्या. रोजची धावपळ बंद. लागलं तर मी फोन करीन."

यजमानांनी चांगल्या हाताने बहिणीची बाही पकडली. सोडेचनात. घशातून नुसती घरघर येत होती.

"बघा, जीव कसा अडकलाय माझ्यात!" वन्सं डोळे पुसत हसल्या. "अरे दादा, वहिनी आहेत ना तुझ्याजवळ!"

काकूंनी एकेक करून त्यांची बोटं सोडवली. वन्संना फाटकापर्यंत पोचवलं, रस्त्याच्या वळणावर त्या दिसेनाशा होईपर्यंत हात हलवला. मग आत येऊन दाराला कडी घातली आणि खिडक्या लावून घेतल्या.

खुर्चीपुढे त्या पाय रोवून उभ्या राहिल्या. यजमानांना मिठीत घेतलं, छातीपर्यंत उचललं, मोकळ्या फरशीवर आणलं आणि हात सोडले.

एक लांब श्वास घेतला. मग पुन्हा उचलायला वाकल्या.